मधला खांब

खरं सांगायचं तर मी गेले होते उबेसाठी.
नोव्हेंबरातला गुरुवार. ल आव्रच्या धक्क्यावरून
वारा असा येतो की कोटाची बटणं परत मोजावी लागतात,
आणि वाचनालयाच्या तळघरात हीटर होता, कॉफी फुकट.
विषय दारावर चिकटवला होता.
मी वाचला नाही.

बोलणारी पोरगी, सोलेन ओशकोर्न,
पडद्यावर दाखवत होती आमचाच रस्ता.
तीच बेकरी, तोच बसथांबा,
तेच राखाडी काँक्रीट, ज्याला बघून
मी जन्मभर नाक मुरडत आले.
"कंटाळवाणं वाटणाऱ्यांनी हात वर करा," ती म्हणाली.
मी दोन्ही केले.
ती हसली. रविवारी या म्हणाली,
आणि हातमोजे काढून या.

रविवारी आम्ही सात जण.
निवृत्त क्रेनचालक मस्यू अँकतिल, गुडघ्यांनी हैराण,
एक जोडपं, नुकतंच भांडून आलेलं, दोघांत एक छत्री,
वहीत नुसते चौकोन काढणारा एक मुलगा,
बाकीची दोघं माझ्यासारखीच, अशीच आलेली.

सोलेननं माझी बोटं धरून खांबावर टेकवली.
खरखरीत. मांजराच्या जिभेसारखं.
"आता सांगा, राखाडी?"
जवळून ते गुलाबी होतं.
मध्येच वाळूचा पिवळा, एखादा हिरवट खडा,
आणि शिंपल्याच्या कपचीसारखं काहीतरी.
कुणीतरी टाकीनं ठोकून ठोकून
सिमेंटची वरची साय काढली होती,
आतला दगड दिसावा म्हणून.

साय मला कळते.
शाळेच्या स्वयंपाकघरात बत्तीस वर्षं दूध तापवलंय मी.

मग ती म्हणाली, चालून बघा,
दर सहा मीटर चोवीस सेंटीमीटरवर खांब येतो.
अँकतिल ओठांतल्या ओठांत मोजू लागले,
ते दुखरे गुडघे कधी नव्हे ते तालात पडत होते,
आणि भांडलेलं जोडपं
तिसऱ्या खांबापाशी एका पावलावर आलं.

वहीवाल्या मुलानं विचारलं,
"बॉम्ब पडल्यावर जुन्या घरांचा ढिगारा
कुठे टाकला?"
"कुठे टाकणार? इतका होता.
बराचसा पायाखालीच आहे, म्हणून गाव उंच झालं.
काही दळला. नव्या काँक्रीटमध्ये घातला."
तिनं हे अगदी सहज सांगितलं,
पिठात काय काय पडलंय ते सांगावं तसं.

मी नंतरचं काही ऐकलं नाही.

आमच्या बैठकीच्या खोलीत, अगदी मधोमध, एक खांब आहे.
सोफा त्याच्यामुळे तिरका. जेवणाचं टेबल त्याच्यामुळे लहान.
गॅस्तों रात्रपाळीहून आला की अंधारात
खांदा आपटायचा आणि बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.
चौऱ्याहत्तर साली कंटाळून
आम्ही त्याला फुलाफुलांचा कागद गुंडाळला.
आई यायची तेव्हा खुर्ची सरकवून
त्याच्याकडे पाठ करून बसायची.
विचारलं तर म्हणायची, उजेड डोळ्यांवर येतो.
तिकडे खिडकी नव्हती.

त्या रात्री मी कोबी चिरायची सुरी घेतली.
आधी फुलं निघाली, मग फुलांखालचे पट्टे,
पट्ट्यांखाली पेन्सिलीच्या रेघा:
रेमी चार वर्षं, रेमी साडेपाच.
तिथे थोडी थांबले. ती पट्टी तशीच ठेवली.
तिच्या बाजूनं खाली उतरत गेले,
गुडघ्यांवर बसून, चष्मा कपाळावर,
आणि बोटाच्या टोकाला लागला
मसुराच्या डाळीएवढा
एक लाल दाणा. विटेचा.

आईच्या चुलीमागची भिंत विटेची होती म्हणे.
गावात हजार भिंती होत्या विटेच्या.
मला काही सिद्ध करायचं नव्हतं.

अँकतिलना फोन लावला. रात्रीचे साडेदहा.
ते घाबरून म्हणाले, "काय झालं?"
म्हटलं, काही नाही. मोजायची टेप आहे का तुमच्याकडे, लांब?
इथून भिंतीतल्या खांबापर्यंत
मला सहा मीटर चोवीस
स्वतः बघायचेत.

"उद्या येतो," ते म्हणाले. मग जरा थांबून,
"गुरुवारी जिन्यांवर आहे. वाचलंत ना?"

वाचलं होतं.